थाळनेर ते बऱ्हाणपूर : कबरी आणि त्या राखणारी घराणी

जळगावला उतरणारा प्रवासी बहुधा अजिंठ्याकडे वळतो. तापीच्या काठाने अमळनेरपासून बऱ्हाणपूरपर्यंत जो ऐवज पसरला आहे, तो त्यामुळे बघायचाच राहतो. राजघराण्याचे घुमट, गोसाव्यांच्या समाध्या, रेल्वेच्या काळातलं ख्रिस्ती कब्रस्तान, मोगल सरदारांचे मकबरे असा तो ऐवज. या प्रवासात इमारतींइतकंच लक्ष त्यांना सांभाळणाऱ्या माणसांकडे होतं. झाडू कोण मारतं, पावसाळ्याआधी पन्हाळ कोण साफ करतं, कुठली कबर कोणाची हे कोणाच्या ध्यानात आहे?

हंगाम पौषाचा निवडावा. चैत्रानंतर इथला पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि दगडी चौथऱ्यावर पाय ठेववत नाही.

पहिला दिवस : अमळनेर

बोरी नदीच्या पात्रातच संत सखाराम महाराजांची समाधी आहे. महाराजांनी १८१८ मध्ये देह ठेवला. गादीवर एकामागून एक आलेल्या पुरुषांनी ही परंपरा चालवली. वैशाखात एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी, आणि तेव्हा पात्रात पाय ठेवायला जागा नसते. पौषात मात्र नदीत धार जेमतेम असते आणि दगडकाम निवांत बघता येतं. नदीतल्या बांधकामाला पुराच्या पाण्यापेक्षा मागे राहणाऱ्या गाळाचा त्रास जास्त. तो सांध्यांत बसतो, ओल धरून ठेवतो आणि त्यावर गवत रुजतं. त्यामुळे पूर ओसरला की गाळ ओला असतानाच खरवडावा लागतो. वाळल्यावर कुदळ लावली, तर चुन्याचा दर्जाही, म्हणजे सांध्यात भरलेला चुना, सोबत निघून येतो.

दुपारी जवळच्या एका खेड्यात दशनामी गोसाव्यांच्या घराची समाधीची जागा बघितली. महादेवाच्या देवळामागे निंबाखाली दोन ओळी आहेत. गोसाव्यांमध्ये देह आडवा ठेवत नाहीत, मांडी घालून बसवतात. त्यामुळे खड्डा लांब नसतो, चौरस आणि खोल असतो. खाली राख आणि बेलाची पानं, सभोवती मीठ. मीठ पोत्यांनी लागतं. पुढे माती खाली बसते आणि वरचा चौथरा एका अंगाला कलू शकतो. चौथरा म्हणूनच लगेच बांधत नाहीत. आधी नुसता मातीचा ढीग ठेवतात, एक पावसाळा जाऊ देतात आणि माती बसल्यावर दगड लावतात. वर छोटी पिंडी किंवा पादुका.

जागा दाखवायला घरातली थोरली सून आली होती. पुढच्या ओळीतल्या प्रत्येक चौथऱ्याचं नातं तिला पाठ होतं, चुलत सासऱ्यांपासून आजेसासूपर्यंत. मागच्या ओळीपाशी ती थांबली. "आत्याबाईंना माहीत होतं सगळं," म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिची सासू. ती गेली आणि मागची ओळ निनावी झाली. घरच्या दफनभूमीचा इतिहास हरवतो तो असा. दगड सगळे जागेवर असतात, सांगणारं माणूस जातं.

रात्री कळण्याची भाकरी, भरीत आणि कांद्याची पात. हिरवं-पांढरं मोठं वांगं काडीकपाशीच्या जाळावर भाजलं, तरच भरताला चव येते. गॅसवर भाजलेलं ओळखू येतं.

दुसरा दिवस : थाळनेर

शिरपूरहून थाळनेरला एसटी आहे, पण परतीची वेळ कंडक्टरला आधीच विचारून ठेवावी. सकाळी तापीवर धुकं असतं. नऊ वाजेपर्यंत ते विरतं, आणि तेच ऊन बघण्यासारखं, कारण तिरप्या उजेडात दगडावरची नक्षी उठून दिसते.

हे खानदेशच्या फारुकी घराण्याचं पहिलं ठाणं. फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये हा मुलूख मलिक राजाला दिला. १३८२ पासून तो स्वतंत्रपणे कारभार करू लागला आणि १३९९ मध्ये इथेच त्याचं दफन झालं. त्याच्यामागे नसीरखान (मृत्यू १४३७), मीरान आदिलखान (१४४१) आणि मीरान मुबारकखान (१४५७) यांनाही इथेच आणलं. नसीरखानाने अशीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवलं, राजधानी तिकडे हलली, तरी मेल्यावर परत थाळनेरलाच. बापाशेजारी जागा मिळावी, ही ओढ राजालाही सुटलेली नाही. मुबारकखानानंतरचा आदिलखान बऱ्हाणपुरात पुरला गेला, तेव्हा हा शिरस्ता मोडला.

बहुतेक घुमट चौकोनी खोलीवर आहेत. एक अष्टकोनी आहे आणि तो मुबारकखानाचा मानतात. सगळा वेळ त्यालाच दिला तरी चालेल. काळा बसाल्ट अतिशय कठीण दगड. त्यावर नक्षी काढायला छिन्नी पुन्हापुन्हा पाजवावी लागते. तरीही बाहेरच्या भिंतींवर मोकळी जागा शोधावी लागते, इतकं काम आहे. माळव्यातल्या इमारतींची घडण इथे ओळखू येते.

कोरीव लेख बघायचा असेल तर दगडावर खडू, पीठ किंवा ओला हात फिरवू नये. खडू खाचेत बसतो आणि पुढच्या माणसाला अक्षर चुकीचं दिसतं. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड पाडावा. सावल्या पडतात आणि अक्षरं आपोआप वर येतात. फोटोही तसाच घ्यावा, समोरचा फ्लॅश बंद ठेवून.

नुकसान कुठे होतं हेही बघून घ्यावं. घुमटाच्या बुडाशी जिथे पाणी वळतं, तिथे पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ रुजतो. रोप बोटाएवढं असताना ओढून काढता येतं. मनगटाएवढं झालं की ओढू नये, मुळाबरोबर दगड सुटतो. ते कापावं आणि कापलेल्या तोंडावर ताबडतोब तणनाशक लावावं. उशीर केला तर चीक धरून तोंड बंद होतं, औषध आत जात नाही आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी चार फुटवे येतात.

दुसरं नुकसान सिमेंटचं. जुना दर्जा चुन्याचा. तो ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. वरून सिमेंट थापलं की आतलं पाणी अडकतं, क्षार धरतो आणि शेजारचा जुना चुना भुसभुशीत होऊन गळू लागतो. वरून भिंत पक्की दिसते, हात मारला की पोकळ वाजते. डागडुजीला पाण्याखाली किमान दोन-तीन आठवडे मुरवलेला चुना घ्यावा. एक भाग चुना, एक भाग विटांचा चाळलेला चुरा आणि एक ते दीड भाग वाळू, असं घट्ट मळावं. जुने गवंडी त्यात गुळाचं आणि बेलफळाचं पाणी घालत. लावल्यावर पंधरा दिवस ओली पोती पांघरून ठेवावी लागतात, म्हणून खानदेशात हे काम उन्हाळ्यात काढतच नाहीत. संरक्षित वास्तू असेल तर हात लावण्याआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी, मग काम कितीही चांगल्या हेतूचं असो.

फारुकी राज्य १६०१ मध्ये अकबराने बुडवलं. शेवटचा राजा बहादूरशहा कैदेत गेला आणि आग्र्यात वारला. तेव्हापासून या घुमटांना घरचं माणूस नाही. दिवा लावणारं, चादर बदलणारं, इथे माझा आजा आहे म्हणणारं कोणी नाही. गावातलं चालू कब्रस्तान बघितलं की हा फरक मनाला लागतो.

खानदेशातल्या बऱ्याच गावांत कब्रस्तानाची राखण शाह, म्हणजे फकीर, समाजातल्या एखाद्या घराकडे पिढ्यान्पिढ्या असते. त्यांची जागा म्हणजे तकिया. आम्हाला भेटलेले चाचा सत्तरीच्या पुढचे. "कथाइन उनात भाऊ?" (कुठून आलात?) असं अहिराणीत विचारून त्यांनी बाज पुढे ओढली. गुळाचा चहा आला आणि मग कबर कशी काढतात ते त्यांनी काठीने मातीत आखूनच दाखवलं.

खानदेशातून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून. म्हणून कबर उत्तर-दक्षिण काढतात. डोकं उत्तरेला, देह उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला. लांबी देहापेक्षा हातभर जास्त. कबरीचे प्रकार दोन. घट्ट मुरूम असेल तर तळाशी पश्चिमेच्या भिंतीत कोनाडा काढतात, ती बगली. तापीकाठच्या काळ्या मातीत बगली टिकत नाही, छप्पर ढासळतं. तिथे संदूक काढतात. वरचा खड्डा कमरेपासून छातीपर्यंत खोल, त्याच्या मधोमध देह मावेल एवढा अरुंद चर, आणि दोन्ही बाजूंना राहिलेल्या काठावर आडव्या फळ्या किंवा फरश्या. फटी गवत आणि चिखलाने बुजवल्यावरच माती लोटायची. फटी नीट बुजवल्या नाहीत, तर पहिल्या पावसात माती आत उतरते आणि वर खळगा पडतो.

लाकूड कुठलं, यावर चाचा बराच वेळ बोलले. बाभळीची फळी टिकते. आंब्याची वाळवी लवकर खाते. आता बरेच जण शहाबादी फरशी वापरतात, पण दोन इंचांपेक्षा पातळ फरशी ते घेऊ देत नाहीत, मातीच्या वजनाने ती मधोमध तडकते. माती वर वीतभरच चढवायची. वैशाखात काळ्या मातीला भेगा पडतात, त्या कबरीवरही पडतात. म्हणून ढिगावर चार बोटं मुरूम अंथरतात आणि पहिला महिनाभर बोरीच्या काट्या टाकतात, जनावर उकरत नाही. पाऊस थांबला की शाह घराण्यातलं कोणीतरी टोपली घेऊन फिरतं आणि बसलेल्या कबरींवर माती घालतं. त्याची मजुरी ठरलेली नाही. सुगीला कोणी ज्वारी देतं, कोणी ईदला कपडा.

एका घराच्या कबरी एका ओळीत असतात. जागा संपली की बऱ्याच वर्षांपूर्वीची आजोबांची कबर उघडून त्याच जागी नातवाला ठेवतात. अस्थी निघाल्या तर एका कडेला ठेवून झाकतात. त्यामुळे दगड एक आणि माणसं तीन, असंही होतं. चाचांना ही सगळी वंशावळ तोंडपाठ आहे. मुलगा सुरतेला कामाला असतो. नातू मात्र वही करतोय, चाचा सांगतील तसं लिहून घेतोय. ती वही बघून फार बरं वाटलं.

अशा जागेची कागदपत्रं बघायची असतील तर सातबाऱ्यावर भोगवटादाराचं नाव आणि 'इतर हक्क' हे दोन्ही वाचावेत. राखणीसाठी दिलेली जमीन बहुधा देवस्थान इनाम, वर्ग ३, अशी लागलेली असते. ती परवानगीशिवाय विकता येत नाही. वक्फची नोंद वेगळी तपासावी. दफनाच्या दिवशी गडबडीत राहून जातं ते एकच: ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते.

दुपारनंतर नदीकाठचा किल्ला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेने तो घेतला. दरवाजाशी झालेल्या चकमकीत इंग्रज अधिकारी पडले, आणि सूड म्हणून किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं, शिबंदीची कत्तल केली. तट बराचसा ढासळलेला आहे. कडेला जाऊ नये, खालची दरड नदीने पोखरली आहे.

तिसरा दिवस : चोपडा, यावल, भुसावळ

अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याने पूर्वेला. उजवीकडे तापी, डावीकडे सातपुडा आणि दोन्हींच्या मध्ये केळीच केळी. यावलहून दक्षिणेला वळून भुसावळ.

भुसावळ रेल्वेने घडवलेलं गाव. इथल्या जुन्या युरोपीय कब्रस्तानात मेजर रॉबर्ट गिल आहे. मद्रास फौजेतल्या या अधिकाऱ्याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला काढायला नेमलं. त्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या, त्यातल्या बहुतेक १८६६ च्या आगीत गेल्या. १८७९ मध्ये तो वारला आणि त्याला इथे पुरलं. त्याची सोबतीण पारो १८५६ मध्येच गेली होती. तिची कबर अजिंठा गावात आहे. दोघांत फर्दापूरचा घाट आणि सगळी तापीची थडी. अजिंठ्याला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून दोन्ही बघाव्यात.

ख्रिस्ती कबरीत डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला. जुन्या संगमरवरी पाट्यांवर शिशाची अक्षरं ठोकून बसवत. शिसं निघून गेलं, तरी पाटी वाचता येते. प्रत्येक अक्षराच्या जागी खिळ्यांची बारीक भोकं राहतात, ती बोटाने चाचपत अक्षर जुळवायचं. लोखंडी कठड्यांना गंज चढला की गंज फुगतो आणि ज्या दगडात सळई रोवली तो दगडच फुटतो. म्हणून कठड्याचं बूड दरवर्षी घासून रंगवावं लागतं.

अशा जागी फाटक बंद असेल तर उडी मारून जाऊ नये. जवळच्या चर्चमध्ये विचारावं. तिथे दफनाची नोंदवही असते आणि ती कबरीच्या दगडापेक्षा जास्त सांगते: वय, धंदा, बऱ्याचदा मृत्यूचं कारणही. इथे झाडलोट करणारी मावशी ख्रिस्ती नाही. तिची सासू हे काम करायची, आता ती करते. बाळांच्या कबरींवरचं गवत ती सगळ्यांत आधी काढते. कोणी सांगितलेलं नाही.

जेवायला शेवभाजी. झणझणीतच असते, "कमी तिखट" म्हणून उपयोग होत नाही.

चौथा दिवस : बऱ्हाणपूर

भुसावळहून खांडव्याकडच्या गाडीने रावेर ओलांडलं की बऱ्हाणपूर. आज मध्य प्रदेशात असलं, तरी खानदेशची जुनी राजधानी हीच, आणि बाजारात मराठी सहज चालते. स्टेशनवरून दिवसभरासाठी रिक्षा ठरवावी, ठिकाणं शहराच्या दोन टोकांना आहेत. सुरुवात मावा जिलेबीने. सकाळची गरम घ्यावी.

उतावळी नदीकाठी शाहनवाझखानाचा मकबरा. मोगल सरदार अब्दुल रहीम खानखानाचा हा मुलगा १६१९ मध्ये दारूपायी गेला. दगड काळा, म्हणून लोक त्याला काळा ताजमहाल म्हणतात. बाप त्याच्यानंतर आठ वर्षांनी वारला आणि दिल्लीत, बायकोसाठी बांधलेल्या मकबऱ्यात विसावला. खानखानाचं घराणं असं विखुरलेलं आहे.

थोड्या अंतरावर शाहजहानचा मुलगा शाहशुजा याची बेगम बिल्कीस हिची कबर आहे. खरबुजासारख्या फाकी असलेला घुमट, त्यावरून नावच खरबुजा महाल. आत रंगीत चित्रकाम शिल्लक आहे. ओलसर श्वासाचाही रंगाला त्रास होतो, म्हणून चार-पाच जणांनीच आत जावं, भिंतीला टेकू नये, उदबत्ती लावू नये. काजळी तेलकट असते, पुसायला गेलं की रंगही येतो.

पुरुषाच्या कबरीवर वरच्या बाजूला उंचवटा कोरतात, तो कलमदान. स्त्रीच्या कबरीवर सपाट तख्ती. ही खूण ध्यानात ठेवली, तर नाव नसलेल्या कबरींच्या ओळीतूनही घर वाचता येतं.

आदिलशहा फारुकीचा मकबरा बघताना थाळनेर आठवावं. घराणं तेच, दगड तोच, फक्त जागा बदलली. नदीपलीकडे जैनाबादला आहुखाना, म्हणजे हरणांची बाग. मुमताजमहल १७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली, तिला आधी याच बाजूच्या बागेत पुरलं आणि डिसेंबरात आग्र्याला नेलं. रस्ता खराब आहे, उजेड असतानाच जाऊन यावं. तापी आणि मोहनेच्या संगमावर मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. पुरंदरच्या तहानंतर दोन वर्षांनी, १६६७ मध्ये, त्यांनी इथे प्राण सोडला.

दर्गा-ए-हकीमी सर्वांत शेवटी ठेवली होती. दाऊदी बोहरा समाजाची ही जागा. सय्यदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांची कबर इथे आहे. डोकं झाकून जावं, फोटो विचारून काढावा. फरशीवर पाणी साचत नाही, पन्हाळीत पान अडकलेलं नाही, झाडांची आळी स्वच्छ. समाज वर्गणी काढतो, माणसं नेमतो आणि काम वाटून देतो, त्याचा हा परिणाम.

ज्यांच्या घरची अशी जागा आहे त्यांनी मोजणीची सोपी पद्धत वापरावी. बऱ्हाणपुरातल्या एका घराने तशी केली आहे. न हलणारे दोन खुणेचे दगड धरले, फाटकाचा आणि विहिरीचा. प्रत्येक कबरीच्या माथ्यापासून दोन्हींपर्यंत दोरीने अंतर मोजलं. कबर त्या दोन खुणांना जोडणाऱ्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे हे लिहिलं, की कागदावर त्या दोन अंतरांनी जागा नेमकी ठरते, पुढे दगड गेला तरी सापडते. ओळीला अक्षर, कबरीला आकडा. वहीत प्रत्येकीपुढे नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, साल, आणि ते कोणी सांगितलं हेही. ऐकीव असेल तर पेन्सिलीने, दगडावर कोरलेलं असेल तर शाईने. वहीच्या प्रती दोन, एक घरी आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. सगळी जागा मोजायला दोघांना एक रविवार पुरला. नावं गोळा करायला मात्र दोन वर्षं लागली आणि त्यातली निम्मी रावेरच्या एका आत्याने सांगितली.